हिंगणघाटात शिवलेला पोहण्याचा पोशाख

ब्लाउजविषयी लिहायला बसले तर अंकाची पानं पुरायची नाहीत, आणि वाचणाऱ्या बायका म्हणतील, यातलं आम्हाला सगळं ठाऊक आहे. गळा पुढून किती, मागून किती, बाही कोपराच्या वर की खाली, यावर मी आयुष्यभर जेवढं बोलले तेवढं नवऱ्याशीसुद्धा बोलले नसेन. म्हणून संपादकबाईंना कळवलं की मी एकाच कपड्याबद्दल लिहीन. त्याला कापड लागलं जेमतेम सव्वा वार. पण तो शिवताना जी धास्ती घेतली, ती पुढे ऐन हळदीच्या दिवशी नवरीचा ब्लाउज दंडात अडकला तेव्हाही वाटली नाही.

पन्नास सालानंतरची गोष्ट. हिंगणघाटच्या बाजारात आमचं शिलाईचं दुकान होतं. पुढे हे पुरुषांचं शिवत, सदरे, पायजमे, वर्षाकाठी एखादा कोट. मागच्या खोलीत माझी पायमशीन आणि बायकांचं काम. माझं माहेर नाचणगावचं. वडील पुलगावात शिवणकाम करायचे आणि घरी आले की मला कागदावर कापायला शिकवायचे. कापडावर चुकलीस तर गिऱ्हाइकाचं जातं, कागदावर चुकलीस तर आपलंच जातं, असं ते म्हणत. त्या कागदावर कापायच्या सवयीनेच मला या कामात ओढलं.

गावाबाहेर एक जिनिंग होतं, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. त्याचे मॅनेजर पारशी, आणि त्यांची मुलगी फ्रेनी मुंबईला कॉलेजात शिकायची. सुट्टीत घरी आली की आईचे झगे घेऊन माझ्याकडे यायची. उंच, काटकुळी, मोठ्याने हसणारी. जिनिंगच्या आवारात आगीसाठी म्हणून पाण्याचं मोठं सिमेंटचं टाकं बांधलेलं असतं. कापूस कधी पेट घेईल सांगता येत नाही, म्हणून ते उन्हाळ्यातही भरलेलं. फ्रेनी त्या टाक्यात पोहायची. गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि साहेबाची पोरगी म्हणून कोणी काही बोलत नव्हतं.

त्या वर्षी ती एप्रिलअखेरीस आली. खोलीचा पडदा ओढून घेतला आणि पिशवीतून इंग्रजी मासिकाची फाडलेली पानं काढली.

"सुमनबाई, पहिला बघ. मग नाय बोल."

मी पाहिलं. समुद्राकाठी उभ्या असलेल्या गोऱ्या बायका. अंगावर कपड्याचे दोन तुकडे, एक छातीवर, एक कमरेला.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही तोवर माहीत नव्हतं. या दोन तुकड्यांचेही प्रकार होते. पहिल्या चित्रातल्या बाईच्या वरच्या तुकड्याचे पट्टे मानेमागे नेऊन बांधलेले होते आणि खालचा तुकडा कमरेच्या वरपासून मांडीपर्यंत, पैलवानाच्या चड्डीसारखा पण नेटका. दुसरीला खांद्यावर पट्टाच नव्हता. तो तुकडा नुसता छातीभोवती, आत काड्या घालून ताठ केलेला. तिसरीच्या खालच्या तुकड्याला पुढून चुणीची झालर, लहान पोरीच्या फ्रॉकला असते तशी. चौथीच्या कमरेला दोन्हीकडे नुसत्या गाठी होत्या. ते पान फ्रेनीने स्वतःच झटकन उलटं केलं. "हा नको. हा घातला तर ममा मला मारेल."

तिला पहिल्या आणि दुसऱ्या चित्राचं मिळून एक हवं होतं. वर काड्यांचा ताठ तुकडा, शिवाय मानेमागे पट्टे. खाली उंच कमरेची चड्डी.

"मुंबईत नाही मिळत?" मी विचारलं.

"लोकरीचा मिळते, एक तुकड्याचा. पाण्यात भिजला की गुडघ्यापर्यंत लोंबते. आणि माझा धड लांब, पाय आखूड. एक तुकड्याचा माझ्या खांद्याला कापते." तिने झग्याचा गळा बाजूला करून दाखवलं. दोन्ही खांद्यांवर लाल वळ होते.

ते वळ पाहिले आणि माझं निम्मं मन झालं. शिवणाऱ्या माणसाला चुकीच्या मापाचा कपडा अंगावर दिसला की राहवत नाही. आणि चित्रांत मला आणखी एक दिसलं होतं. ती चौथी सोडली तर बाकीच्यांची बेंबीसुद्धा झाकलेली होती. उघडं काय, तर छातीखालची चार बोटं आणि पाय. चार बोटं माझीही उघडीच होती, पदर सरकला की कोणालाही दिसणारी. निंदणाला जाणाऱ्या बाया गुडघ्याच्या वर लुगडं खोचून वावरात दिवसभर वाकतात. पण लोक असा हिशेब करत बसत नाहीत, हेही मला कळत होतं.

यांना सांगितलं. हे बराच वेळ कात्रीला तेल देत बसले. मग म्हणाले, "शिव. पण पुढच्या दुकानात ते दिसलं नाई पाह्यजे. अन् आईले कळलं नाई पाह्यजे."

धास्ती तिथूनच सुरू झाली. माझी नणंद विमल तेव्हा लग्नाची होती. वडनेरच्या एका घराकडून विचारणा आली होती. लांबच्या नात्यातलीच माणसं, थोडी शेती, मुलगा शाळेत मास्तर. त्याच्या आधी दोन ठिकाणी बोलणी मोडली होती. सासूबाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना वडनेरचं नाव घेत. अशा घरात मागच्या खोलीत मी काय कापत होते, तर हे.

काम अवघड होतं. आजच्यासारखं ताणणारं कापड तेव्हा आमच्याकडे नव्हतं. सुती कापड अंगाला चिकटून बसवायचं तर ते उरेब कापावं लागतं, म्हणजे आडव्या-उभ्या धाग्यांच्या तिरपं. मग ते थोडं ताणतं. पाठीच्या भागात मी बॉबिनवर रबरी दोरा गुंडाळून बारीक चुण्या घातल्या. निळ्या जाड पॉपलिनवर पांढरे ठिपके, आत मांजरपाटाचं अस्तर. दोन्ही कापडं आधी तीनदा भिजवून वाळवली, तरी निळा रंग सुटतच होता. आतल्या काड्यांसाठी पहिल्यांदा मोडक्या छत्रीच्या तारा घेतल्या. दुसऱ्या दिवशी अस्तरावर गंजाचे डाग. मग बांबूच्या कामट्या तासल्या, त्या पाण्यात फुगल्या. शेवटी कामट्या गरम मेणात बुडवून घेतल्या. सासूबाई विचारायच्या, "मेन कायले?" मी सांगायची, "दोऱ्याले."

पहिला पोशाख तयार झाला तेव्हा फ्रेनी मला टाक्यावर घेऊन गेली. मे महिना, भर दुपार. जिनिंगचा हंगाम संपलेला. टाक्याच्या पलीकडे छपरीत सात-आठ बाया सरकी पाखडत बसल्या होत्या. मी टाक्याच्या कठड्यावर बसले. मला पोहता येत नाही. पाणी हिरवं आणि खोल दिसत होतं.

फ्रेनी उतरली, दोन फेऱ्या मारल्या. वरचा तुकडा जागचा हलला नाही. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. मग ती लोखंडी शिडी चढू लागली. खालच्या तुकड्याचं अस्तर आणि कापड यांच्यामध्ये पाणी भरलं होतं. ती एकेक पायरी वर येत होती आणि चड्डी एकेक बोट खाली.

"फ्रेनीबाई, थांबा!" मी ओरडले. "खाली जा! पाण्यात जा!"

तिला कळेना. तिने एका हाताने शिडी धरली, दुसऱ्याने चड्डी. पाय निसटला. पाठीवर पडली ती पाण्यात, आणि क्षणभर दिसेना. मी कठड्यावरून वाकून नुसती हाका मारत होते. वर आली ती खोकत आणि हसत. मी टॉवेल घेऊन शिडीपाशी उभी राहिले आणि तिला गुंडाळून बाहेर काढलं. छपरीतली सुपं थांबली, मग खसखस.

संध्याकाळपर्यंत बाजारात बोललं गेलं. भाजीवालीने मलाच विचारलं, "काऊन व सुमन, टेलरच्या बायकोनं साहेबाच्या पोट्टीले लंगोट शिवून देल्ला म्हंते, खरं काय?"

"आंगोळीचा झगा होता," मी म्हटलं. खोटं बोलताना माझा आवाज बारीक होतो, हे मला तिथे कळलं. घरी सासूबाईंनाही तेच सांगितलं.

चूक काय झाली ते मात्र मला दिसलं होतं. अस्तर खालून बंद करायचं नव्हतं, पाणी निघायला वाट ठेवायची होती. आणि कमरेला नुसत्या रबरावर विसंबायचं नव्हतं. मी दुसरा पोशाख कापला. आत नाडी घातली, बाजूला चार बटणांसाठी पट्टी ठेवली. वरचा तुकडाही सुधारला, कामट्या थोड्या आखूड केल्या. एका पहाटे घरच्या घरी बादलीत भिजवला आणि मशीनच्या खोलीत दोरीवर टाकला, कारण रबरी दोऱ्याला ऊन सोसत नाही.

त्याच सकाळी वडनेरची माणसं आली. त्यांचं यायचं ठरलं होतं दुसऱ्या दिवशी. मुलाचे काका म्हणाले, बैलगाडी इकडे येतच होती म्हणून आलो. बरोबर मुलाची आई, कौसल्याबाई. चाळिशीच्या, सावळ्या, पदर घट्ट लपेटलेल्या. फार बोलत नव्हत्या. सासूबाईंची धावपळ, विमलला तयार करणं, चुलीवर पोह्यांची कढई. त्या गडबडीत मी दोरी विसरले.

कौसल्याबाईंनी पाय धुवायला मोरी विचारली. मोरीची वाट माझ्या खोलीतून होती. त्या आत गेल्या आणि परत येईनात. मला आठवलं तेव्हा हातातली पळी खाली पडली. धावत गेले. त्या दोरीपुढे उभ्या होत्या. वरचा तुकडा वाळून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर लोंबत होता. त्यांनी हात लावला नव्हता.

"हे काय होय?"

मला खोटं बोलायचं होतं, पण तोंडून खरंच निघालं. "पोहाचा कपडा होय मावशी. साहेबाच्या पोरीचा."

"तू शिवला?"

"हो."

त्या पाय न धुताच बाहेर गेल्या. पोहे खाल्ले, विमलला दोन प्रश्न विचारले, ते काय होते तेही आठवत नाही. निघताना काका म्हणाले, "कळवतो." कौसल्याबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडीत चढल्या.

गाडी वळल्याबरोबर सासूबाईंनी दोरीवरचा तुकडा ओढून माझ्यापुढे टाकला. "माह्या पोरीचं नशीब तू लटकोलं व दोरीवर," म्हणाल्या आणि रडू लागल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. विमल कोपऱ्यात नवं लुगडं सोडून घडी घालत होती. ती म्हणाली, "जाऊ दे न माय. त्याईनं नाई म्हटलं नाई अजून." पण तिने घडी पेटीच्या तळाशी ठेवली.

आठ दिवस वडनेरहून निरोप नाही. दुकानात कोणी आलं की हे मान वर करून बघत, वडनेरचा माणूस असेल म्हणून. आठव्या दिवशी हे म्हणाले, "परत दे ते. नको आपल्याले." मी फ्रेनीचा पोशाख, उरलेलं कापड, कागदाचे नमुने, मासिकाची पानं, सगळं पिशवीत भरलं आणि बंगल्यावर नेऊन दिलं. पोशाखाची बटणं लावायची राहिली होती.

"मशीन बिघडली," मी म्हटलं.

फ्रेनीने पिशवीत पाहिलं. "माझ्या मशीनवर बसून कर."

"नाई जमत." मी मागे न बघता आले. जाताना वाटलं होतं, देऊन टाकलं की सुटेन, पण तसं काही वाटलं नाही.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी, दुकानात गर्दी असताना, कौसल्याबाई एकट्या आल्या. सासूबाई विमलला घेऊन देवळात गेल्या होत्या. यांनी उठून पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "सुनबाईजवळ काम होतं," आणि सरळ माझ्या खोलीत आल्या.

"दार लावून घे."

मी लावलं. आता ऐकवतील ते ऐकायचं, असं ठरवून भिंतीला टेकून उभी राहिले. त्यांनी दोरीकडे पाहिलं.

"ते कुठी गेलं?"

"परत देल्लं, मावशी. पुन्हा नाई शिवत असं काही. विमलचा काही दोष नाई याच्यात..."

"थांब व. विमलची गोष्ट नाई." त्या खाली बसल्या. पदर काढला आणि चोळीची गाठ सोडली.

डाव्या बाजूला स्तन नव्हता. काखेपासून मधोमध आडवा, चमकणारा, आत ओढलेला व्रण होता. चोळीतून गुंडाळलेल्या चिंध्या मांडीवर पडल्या. मी तोवर शेकडो बायकांची मापं घेतली होती. पण असं शरीर मी पाहिलं नव्हतं. माझी नजर खाली गेली.

"पाह्य," त्या म्हणाल्या. "पाह्यल्याबिगर कशी शिवशीन?"

छातीत गाठ झाली होती. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या दवाखान्यात कापून काढली. जीव वाचला. गावात लोकांना पोटाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. घरात नवऱ्याला आणि मुलाला तेवढं माहीत. चिंध्या भरायच्या, पण वाकलं की त्या वर सरकायच्या, कधी गळ्याशी यायच्या. कापूस वेचायला जाणं सोडलं. लग्नाकार्यात जाणं सोडलं. "पोराच्या लग्नात मी मांडवात कशी उभी राहू, याच्यातच माह्यं ध्यान होतं. तुमच्या घरी आली तं पोरीकडे बरोबर पाह्यलंबी नाई."

मग त्यांनी हाताने दोरीकडे दाखवलं. "ते तुह्यं लटकून होतं न. त्याच्यात कोणी नव्हतं, तरी ते उभं होतं. मी तेच पाहून राह्यली होती. मले वाटलं, असं एका बाजूनं कोणी मले करून देल्लं तं."

"देतो करून, मावशी," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "हे नाई जमलं तरी पोरगी आमचीच. ते अलग, हे अलग. पण हे कोणाले सांगजो नको. तुह्या घरधन्यालेबी नाई."

त्या गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. हो तर म्हटलं होतं, पण वरच्या तुकड्याच्या वाटीचा कागदी नमुना माझ्याकडे नव्हता. तो फ्रेनीच्या पिशवीत होता, आणि तिच्या सुट्टीचे दिवस संपत आले होते. मी तशीच चपला घालून बंगल्यावर गेले. व्हरांड्यात ट्रंक उघडी. ती दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होती.

"मशीन बनली?" तिने विचारलं.

"बिघडलीच नव्हती. घरात सोयरीक चालू होती. मी भेली."

ती ट्रंकेच्या कडेवर बसली. "तर तसं बोलायचं ना, सुमनबाई. मी सगळे दिवस विचार केला, मी तुला काय वाईट बोलली."

हे मला लागलं, अजून लागतं. माझ्या भीतीत मी ते मनातही आणलं नव्हतं. तिने पिशवी काढून दिली. मला नमुना कशाला हवा ते तिने विचारलं नाही, आणि मी सांगू शकत नव्हते. बटणं मी तिथेच व्हरांड्यात बसून लावली, काजं केली. पोशाख पाण्यात घालून पाहायला वेळ नव्हता. ती म्हणाली, "पडला तर पडला, मला पोहता येते." पुढे तिचं एक कार्ड आलं, त्यावर मोडक्या मराठीत एवढंच होतं की पडला नाही. ते कार्ड यांनी मोठ्याने वाचलं आणि सासूबाईंना वाटलं, कोणीतरी पडता पडता वाचलं.

कौसल्याबाईंची बॉडी शिवणं फ्रेनीच्या पोशाखापेक्षा अवघड निघालं. तेव्हा आम्ही बायका आतल्या कपड्याला बॉडीच म्हणायचो. व्रणावर कामटी टोचेल, म्हणून त्या बाजूला काडी चालत नव्हती. मी उरेब पट्ट्यांचे थर एकमेकांवर टिपून वाटी ताठ केली. आत कापूस भरला. दिसायला दोन्ही बाजू सारख्या झाल्या. त्या पुढच्या बाजारी आल्या, घातली, वाकल्या, आणि डावी बाजू वर उचलली गेली. कापूस हलका. खऱ्या अंगाला वजन असतं, हे मी मापाच्या टेपवर कधी शिकलेच नव्हते.

त्यांचा चेहरा पडला. "राहू दे व. तुले त्रास."

"आणखी एकदा या मावशी."

ज्वारी भरून पाहिली, टोचत होती. वाळू थंड आणि फार जड. मग एक दिवस सासूबाई जवस निवडत बसल्या होत्या, चटणीसाठी. त्यांच्या सुपात हात घातला तर दाणे बोटांतून पाण्यासारखे घसरले. गुळगुळीत, वजनदार, आणि हात हलवला तसे हलणारे. मी मूठभर मागितले. "कायले?" "मशीनच्या टोपणाले." सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ऊन लागलं आहे.

जवसाला घाम लागला की चिकट होतो. म्हणून वेगळी पिशवी शिवली, बारीक विणीची, वाटीतून काढता येईल अशी. दोन पिशव्या, एक वापरायची, एक उन्हात ठेवायची. वजन कसं ठरवायचं? कौसल्याबाईंनाच डोळे मिटून सांगायला लावलं, हा का जरा कमी. मुठीमुठीने दाणे काढले, घातले.

तिसऱ्यांदा त्यांनी बॉडी घातली, वर चोळी, वर पदर. मी आरसा पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि वाकल्या, पऱ्हाटीवरून कापूस वेचतात तशा, दोन्ही हातांनी. उठल्या. परत वाकल्या. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशा वाकत, उठत गेल्या, जशी एक ओळ वेचून काढली. मी पदराच्या काठाकडे बघत होते. काहीच सरकलं नाही.

"दुखते काय?" मी विचारलं.

त्यांनी नाही अशी मान हलवली. मग खाली बसल्या आणि कितीतरी वेळ बसून राहिल्या. बाहेर यांनी दोनदा खाकरून विचारलं, चहा पाठवू का. मी नको म्हटलं.

विमलचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर झालं. सासूबाईंना शेवटपर्यंत वाटत राहिलं की त्यांच्या नवसाने जुळलं. मी त्यांना तसंच वाटू दिलं. कौसल्याबाई नंतर बरीच वर्षं जगल्या आणि दर वर्षी बॉडी माझ्याकडूनच शिवून घेत. त्या गेल्यावर विमलने मला त्या बॉडीबद्दल विचारलं आणि तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. आज हे लिहिते आहे ते तिच्या परवानगीने.

लोक विचारतात, एवढ्या वर्षांत कशाचं वाईट वाटतं. फ्रेनीशी खोटं बोलले त्याचं वाटतं. पण त्याहून एक मोठं आहे.

लग्नानंतरच्या दिवाळीत दुकानात उभं राहायला जागा नव्हती. दिवाळीच्या आधीचे आठ दिवस शिवणाऱ्याच्या घरात जेवायला बसायचा वेळही हिशेबात नसतो. बायका दारातून ओरडत होत्या, माझा झाला का, माझा झाला का. त्या गर्दीत मागे एक बाई उभी होती. बराच वेळ. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मले वडनेरच्या बाईनं धाडलं." मला वाटलं, विमलच्या सासरचं कोणीतरी, नव्या ब्लाउजला आलेलं. हातातली टीप सोडवत नव्हती. मी मान वर न करता म्हटलं, "आता नाई जमत बाई. दिवाळी झाल्यावर येजो."

ती म्हणाली, "बरं, मंग येतो."

टीप संपली, दोरा तोडला, आणि तेव्हा मला कळलं ती काय म्हणाली होती. मशीनवरून उठून रस्त्यावर धावले. बाजार माणसांनी भरलेला. पार नदीच्या रस्त्यापर्यंत गेले, बसच्या थांब्यावर पाहिलं. ती नव्हती.

दिवाळी झाली, ती आली नाही. मी वडनेरला जाऊन कौसल्याबाईंना विचारलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "मी एकीलेच सांगतलं होतं. दवाखान्यात माह्या बाजूच्या खाटेवर होती तिले. आर्वीकडची. गावाचं नाव म्या विचारलं नाई व."

विमलच्या नवऱ्याने मास्तर म्हणून आर्वीकडच्या शाळांमध्ये ओळखीपाळखीने विचारून पाहिलं. नावच माहीत नाही तर शोधणार कोणाला? मी दुसऱ्या वर्षीही वाट पाहिली. एक बॉडी अंदाजाने शिवून ठेवली, पेटीत जवसाच्या दोन पिशव्यांसकट. अंदाज कशाचा, तर मी तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं.

त्या दिवशी कोणाचा ब्लाउज शिवत होते ते मला आठवत नाही. तिचा आवाज आठवतो, आणि खाली मान घातलेली असताना माझ्या डोळ्यांपुढे तिच्या लुगड्याचा जेवढा काठ आला होता तेवढा आठवतो. हिरवा होता, एका जागी रफू केलेला. रफू चांगलं होतं.